वायपरची मोटर बदला म्हणाले, मी बदलली नाही: काही महिन्यांनंतरचा अनुभव

जुन्या गाडीचा वायपर काचेच्या मधोमध अडकून थांबू लागला की सर्व्हिस सेंटरचं उत्तर ठरलेलं असतं: मोटर गेली, अख्खी असेंब्ली बदला. मला सोबत इंटरव्हलचा (थांबून थांबून पुसायच्या सेटिंगचा) रिले, म्हणजे विजेने चालणारा स्विचही सुचवला. म्हणजे दोन पार्ट आणि वर मजुरी. मोटर तर स्लो आणि फास्ट दोन्हीवर फिरत होती. फिरणारी मोटर ‘गेली’ कशी, असं विचारलं तर काउंटरवरून उत्तर आलं, "साहेब, जुनी गाडी आहे, करून टाका." एवढ्या कारणावर पैसे सोडायची माझी तयारी नव्हती. तपासणीची फी भरावी लागलीच, शिवाय बिलावर ‘ग्राहकाने काम नाकारले’ असा शेरा मिळाला. तो कागद मी जपून ठेवलाय.

लक्षणं नीट सांगतो, कारण निकाल त्यांच्यातच होता. दोन्ही स्पीड चालू. स्विच बंद केला की वायपर जिथे असेल तिथेच थांबणार, खाली येऊन बसणार नाही. इंटरव्हलवर ठेवला तर दर काही सेकंदांनी वीतभर हलणार आणि परत थांबणार.

बंद केल्यावर वायपर खाली जाऊन बसतो तो मोटरच्या गिअरबॉक्समधल्या पार्किंग कॉन्टॅक्टमुळे. आपण स्विच बंद करतो तेव्हाही या कॉन्टॅक्टमधून मोटरला सप्लाय मिळत राहतो. गिअरवरची ठरलेली खाच आली की सप्लाय तुटतो आणि तीच वायर अर्थला, म्हणजे बॅटरीच्या निगेटिव्ह बाजूला, जोडली जाते. त्या क्षणी फिरती मोटर जनरेटरसारखी वागते, स्वतःच्याच करंटने स्वतःला ब्रेक लावते आणि जागीच थांबते. इंटरव्हलचा रिले फक्त सुरुवातीचा छोटा धक्का देतो, पुढची फेरी हाच कॉन्टॅक्ट पूर्ण करून घेतो. त्यामुळे हा एक कॉन्टॅक्ट बिघडला की पार्किंगही जातं आणि इंटरव्हलही. रिले मेलेला असता तर इंटरव्हलवर वायपर हललाच नसता. माझा ठरावीक वेळाने हलत होता, म्हणजे रिले आपलं काम चोख करत होता. हे ओळखायला मीटरसुद्धा लागत नाही, दोन मिनिटं बघत उभं राहावं लागतं. फी त्याचीच घेतली ना?

१९०३ साली मेरी अँडरसन यांनी ज्या वायपरचं पेटंट घेतलं, तो आतून हाताने दांडा हलवून चालवायचा होता. तिथे हा प्रश्नच नव्हता, पार्किंग स्विच चालवणाऱ्याच्या हातातच होता.

आता प्रत्यक्ष कामाबद्दल. मोटर खोलण्यात काही अवघड नाही, अवघड आहे ते आर्म, म्हणजे ब्लेड धरणारा दांडा, काढणं. नट सुटतो, पण इतक्या वर्षांत आर्म निमुळत्या दातांवर असा घट्ट बसलेला असतो की हाताने हलत नाही. स्क्रूड्रायव्हर घालून उचकटू नका, काच किंवा खालचं प्लॅस्टिक पॅनल जाईल. डब्ल्यूडी-४० (जाम झालेले भाग सोडवणारा स्प्रे) मारून तासभर थांबायचं आणि छोटा पुलर, म्हणजे स्क्रूने ओढून काढायचं हत्यार, लावायचा. काढण्याआधी ब्लेडची बसायची जागा काचेवर चिकटपट्टी लावून खूण करून ठेवायची. मोकळा आर्म उभा सोडायचा नाही, स्प्रिंगने आपटला तर काचेला तडा जातो. बॅटरीची निगेटिव्ह आधी काढायचीच. लिंकेजमध्ये (मोटरची हालचाल आर्मपर्यंत नेणाऱ्या दांड्यांमध्ये) बोट असताना मोटर फिरली तर ती बोटासाठी थांबत नाही.

गिअरबॉक्सचं झाकण उघडल्यावर आतलं ग्रीस मेणासारखं घट्ट झालेलं निघालं. तांब्याच्या पट्ट्यांवर काळा थर होता आणि एक पत्ती दबून बसली होती. नायलॉनचा गिअर बघितला, एकही दात झिजलेला नाही. म्हणजे जी वस्तू भंगारात टाकायला सांगितली होती, तिचा मुख्य भाग धडधाकट. कॉन्टॅक्ट क्लीनरने पट्ट्या पुसल्या, पत्ती अगदी हलक्या हाताने वर घेतली, दातांना नवं पांढरं ग्रीस लावलं. पट्ट्यांवर ग्रीसचा ढीग घालायचा नाही, जुना काळा थर तसाच तर तयार झालेला असतो. कार्बन ब्रशच्या बाजूचं झाकण मी उघडलं नाही. तिथल्या स्प्रिंगा उडतात आणि परत बसवणं कटकटीचं असतं. दोन्ही स्पीड चालत असताना तिकडे जायचं कारणही नव्हतं.

एवढं करून वायपर खाली येऊन बसू लागला, इंटरव्हलही परत आला. पण पाऊस पडल्यावर नवीन गंमत सुरू झाली. बंद केला की खाली यायचा, थांबायच्या जागेवरून पुढे सटकायचा आणि पुन्हा एक फेरी मारायचा. कधी दोन फेऱ्या. काच सुकत आली की मात्र शहाण्यासारखा थांबायचा.

या एका गोष्टीने मला जितकं सतावलं तितकं मूळ बिघाडानेही नाही. बाकी कुणी म्हणालं असतं की चालतोय ना, सोडून द्या. मी बंद करून बघत बसायचो. कारण शेवटी वर सांगितलेल्या ब्रेकमध्येच होतं. सप्लाय तुटत होता, पण अर्थ नीट लागत नव्हता, म्हणून मोटर स्वतःला रोखू शकत नव्हती. ओल्या काचेवर घर्षण कमी, तेव्हा ती खाचेच्या पुढे निघून जायची आणि तिला परत सप्लाय मिळायचा. सुकत्या काचेवर घर्षणच ब्रेकचं काम करायचं.

मीटर व्होल्टवर ठेवला, एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरं मोटरच्या बॉडीला आणि वायपर चालू. एक व्होल्टच्या वर आकडा. तिथे फार तर एक-दोन दशांश असायला हवा. माझ्या गाडीत मोटर रबराच्या बुशांवर (गोल रिंगांवर) बसवलेली आहे, त्यामुळे तिची अर्थ एका वायरवरच अवलंबून. त्या वायरचा लग (टोकाची बोल्टखाली बसणारी कडी) आणि बोल्टखालचा पत्रा दोन्ही गंजलेले. पॉलिश पेपरने घासून घट्ट केलं, शिवाय एक जाड वायर वेगळी टाकली. आता वायपर एका जागी टक्कन बसतो, पावसातसुद्धा. न मागता मिळालेलं बक्षीस म्हणजे फास्ट स्पीड खरोखर फास्ट झाला. एवढी वर्षं मी दोन्ही स्पीडमध्ये फारसा फरक नसतो असंच धरून चाललो होतो. ज्यांच्या गाडीत वायपर कंट्रोल युनिटवरून चालतो त्यांना हे सगळंच्या सगळं लागू होणार नाही, पण अर्थ तपासायला कुणाचीच हरकत नसावी.

ब्लेडबद्दल. फ्रेमलेस ब्लेड, म्हणजे वर धातूचा सांगाडा नसलेले, लावले तेव्हा मी सगळ्यांना सांगत सुटलो होतो की जुने फ्रेमवाले आता विसरा. आवाज नाही, पाणी एका फटक्यात साफ. काही महिन्यांनी ते मत अर्धंच उरलंय. ड्रायव्हरच्या बाजूचा अजून उत्तम आहे. शेजारच्या बाजूचा टोकाला काचेवरून उचलला जातो आणि वरच्या कोपऱ्यात पाण्याचा पट्टा राहतो. माझ्या काचेचा बाक आणि त्या ब्लेडचा बाक जुळत नाही, रबराचा दोष नाही. त्या बाजूला परत फ्रेमवाला घेतला, स्वस्तही पडला. दिसायला विजोड दिसतं, दिसू दे.

ड्रायव्हरच्या बाजूला परतीच्या फेरीत थरथर येत होती, त्यासाठी तिसरा ब्लेड घेण्याआधी आर्म बघा. काचेच्या मध्यावर रबर काटकोनात उभं राहिलं पाहिजे, म्हणजे दिशा बदलताना ते दुसऱ्या बाजूला कलंडतं. आर्म थोडा पिळलेला असेल तर रबर एकाच बाजूला झोपून राहतं आणि उड्या मारतं. कापड गुंडाळून पान्याने टोक किंचित वळवलं, थरथर गेली. खर्च शून्य. काचेवरचा वॅक्सचा थर आधी साफ करा, तोही हाच त्रास देतो.

काचेवर पाणी उडवणारे नोझल सुईने साफ केले, विषय संपला.

आता राहिलंय ते लिंकेजचं एक नायलॉन बुश. बॉल जॉइंटवर ते सैल झालंय, त्यामुळे फास्ट स्पीडला ब्लेड काचेच्या कडेच्या खांबाला हलकेच टेकतो. ते बुश सुटं मिळत नाही, पूर्ण लिंकेज घ्या म्हणतात. सध्या मी फास्ट स्पीड फारसा वापरत नाही आणि भंगारात निघालेल्या त्याच मॉडेलच्या गाडीचं लिंकेज शोधतोय. मिळालं तर इथेच लिहीन.