ओसीएलसीच्या सामायिक सूचीवर आठ महिने: मराठी पुस्तकांच्या नोंदींचा अनुभव

ओहायो राज्यातील एका लहान महाविद्यालयाच्या ग्रंथालयात तालिकीकरणाचे, म्हणजे पुस्तकांच्या सूचीनोंदी करण्याचे, काम मी गेले आठ महिने ओसीएलसी या ग्रंथालयांच्या सहकारी संस्थेच्या साधनांवर करीत आहे. परिसरातील मराठी कुटुंबांनी भेट दिलेली सुमारे दोनशे पुस्तके माझ्याकडे आली, आणि या सहकारी संस्थेचे मोल मला खऱ्या अर्थाने कळले ते त्या पुस्तकांमुळे.

ही ना-नफा संस्था १९६७ मध्ये ओहायोतीलच महाविद्यालयांनी व विद्यापीठांनी मिळून उभारली. एका ग्रंथालयाने पुस्तकाची नोंद केली की ती सर्वांनी वापरावी, अशी संस्थेचे संस्थापक फ्रेडरिक किलगोर यांची कल्पना होती. २६ ऑगस्ट १९७१ रोजी ओहायोतील अथेन्स गावातील ॲल्डन ग्रंथालयात या सामायिक संगणकीय सूचीवर काम सुरू झाले. आजचे वर्ल्डकॅट ते हेच.

दोनशेपैकी दीडशेहून अधिक पुस्तकांची नोंद मला तयार मिळाली. पब्लिक लॉ ४८० या अमेरिकी कायद्याखाली झालेल्या धान्यविक्रीतून भारतात साठलेल्या रुपयांतून लायब्ररी ऑफ काँग्रेस या अमेरिकी संसदेच्या ग्रंथालयाने १९६२ पासून अमेरिकी विद्यापीठांसाठी भारतीय भाषांतील पुस्तके घेतली, त्याचा हा दूरचा लाभ आहे. लेखकाचे प्रमाणित नाव, विषयशीर्षके, वर्गांक असे सारे जागेवर असल्याने, पुस्तक हातात घेऊन आवृत्ती आणि पृष्ठसंख्या ताडून पाहिली, आमच्या ग्रंथालयाचे चिन्ह जोडले, की काम संपत असे.

अडचण आहे ती लिपीची, आणि ती मला फार महत्त्वाची वाटते. जुन्या नोंदींपैकी बऱ्याच केवळ रोमन लिपीत आहेत. अमेरिकी ग्रंथालयांच्या लिप्यंतर नियमानुसार ‘इतिहास’ या शब्दाच्या शेवटी उच्चारात नसलेला ‘अ’ लिहावा लागतो, आणि ‘च’साठी नुसते ‘सी’ हे अक्षर येते, ‘सीएच’ नव्हे. हा नियम शास्त्रशुद्ध आहे. परंतु ‘चरित्र’ शोधणारा मराठी वाचक ‘सीएच’नेच सुरुवात करतो आणि पुस्तक असूनही त्याला ते सापडत नाही. यावरचा उपाय याच व्यवस्थेत आहे: रोमन ओळीला जोडून देवनागरी ओळ भरता येते, आणि तालिकीकरणाचे पूर्ण अधिकार असलेल्या सभासद ग्रंथालयाला इतरांनी केलेल्या बहुतेक नोंदीही सुधारता येतात. एका नोंदीला दहा मिनिटे जास्त लागतात. मी ती प्रत्येक वेळी दिली, कारण इथे भरलेली देवनागरी ओळ माझ्यापुरती राहत नाही, ते पुस्तक असलेल्या प्रत्येक ग्रंथालयाला ती उपयोगी पडते.

आंतरग्रंथालयीन देवघेवीबद्दल थोडक्यात सांगतो. एका मागणीत पंधरापर्यंत ग्रंथालये क्रमाने देता येतात; पहिल्याने नकार दिला की मागणी आपोआप दुसऱ्याकडे जाते, आणि शुल्काचा हिशेब मासिक बिलातच होत असल्याने धनादेश पाठवावे लागत नाहीत. आमच्याकडे येणाऱ्या एका निवृत्त काकूंना त्यांच्या शाळेच्या दिवसांतला एक कथासंग्रह हवा होता. तो आठवड्याभरात आला, तेव्हा शीर्षकपान त्यांनी कितीतरी वेळ उघडेच धरले होते.

सभासद होऊ पाहणाऱ्या लहान ग्रंथालयांनी शुल्क ठरवण्यापूर्वी आपल्या वर्षभराच्या नोंदी आणि मागण्या मोजाव्यात, आणि भारतीय भाषांचा संग्रह असल्यास ती लिपी वाचणारा माणूस तालिकीकरणाला अवश्य बसवावा. आमच्या पेटीत अजून एकतीस पुस्तके शिल्लक आहेत. त्यांतील नऊ वर्ल्डकॅटमध्ये कुठेच नाहीत. त्यांच्या पहिल्या नोंदी मी देवनागरीसह करीत आहे.