सक्तीची नोंदणी की मोकळीक? तालुक्याच्या वार्ताहराने ठरवण्यापूर्वी

यूट्यूबवरील बातम्यांच्या वाहिन्या आणि पोर्टल यांना सरकारी नोंदणी सक्तीची करावी, अशा मागणीच्या ठरावावर सही करायची की नाही, हे ठरवताना विदर्भातील तालुका पत्रकाराने दोन्ही बाजू आपल्या भागातील अनुभवावर पारखून पाहाव्यात.

नियमनाची मागणी पोकळ नाही. ऐन हंगामात ‘उद्यापासून सीसीआयची (सरकारी कापूस महामंडळाची) खरेदी बंद’ असा निनावी संदेश फिरला, की ज्याला उधारी चुकवायची आहे तो शेतकरी गावात येऊन खेडा खरेदी करणाऱ्या खासगी व्यापाऱ्याला पडेल त्या भावात कापूस देऊन मोकळा होतो, आणि केंद्र सुरूच असल्याचे दुसऱ्या दिवशी कळले तरी गेलेला माल परत येत नाही. हातात वाहिनीचा बूम (माईक) घेऊन रेशन दुकानदाराला ‘बातमी लावू का’ असे विचारणाऱ्यांमुळे प्रामाणिक वार्ताहराचीही पत जाते. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाड्यात मुले पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून जमावाने पाच निरपराध माणसांना ठार मारले, हे तर महाराष्ट्र विसरू शकत नाही.

मात्र या तीन उदाहरणांपैकी पहिल्या आणि तिसऱ्यात पत्रकार कुठेच नाही. निनावी संदेश पाठवणारा नोंदणी करायला येणार नाही. येईल तो नाव लावून लिहिणारा. खंडणी मागणाऱ्यावर आजही गुन्हा दाखल होतो, आणि अफवा पसरवणाऱ्यासाठी भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५३ मध्ये तीन वर्षांपर्यंतच्या कैदेची तरतूद आहे.

आता दुसरी बाजू. २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कीटकनाशकाच्या फवारणीतून विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले, तेव्हा प्रश्न कृषी खात्याच्या देखरेखीचा, औषधविक्रीचा आणि उपचारांचाही होता. अशा वेळी रुग्णालयाच्या वॉर्डात जाऊन रुग्णाचे गाव, फवारलेल्या औषधाचे नाव आणि भरती झाल्याची तारीख वहीत उतरवून घेणाऱ्या वार्ताहराची नोंदणी जर त्याच जिल्हा प्रशासनाच्या हाती असेल, तर बातमी देण्यापूर्वी तो दहादा विचार करील. मला सर्वांत मोठा धोका येथे दिसतो.

कायद्याचा कलही हेच सांगतो. वृत्तपत्रस्वातंत्र्य राज्यघटनेच्या अनुच्छेद १९(१)(क) मधील अभिव्यक्तिस्वातंत्र्यातून येते आणि त्यावरील निर्बंधांची कारणे १९(२) मध्ये मोजून दिली आहेत. केंद्र सरकारविषयीची कोणती माहिती खोटी, हे सरकारच्याच तथ्य तपासणी कक्षाने ठरवण्याची तरतूद मुंबई उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२४ मध्ये रद्द केली. त्याआधी, २०२१ च्या डिजिटल माध्यम नियमांतील आचारसंहितेच्या सक्तीला त्याच न्यायालयाने ऑगस्ट २०२१ मध्ये स्थगिती दिली होती. दुसऱ्या टोकाला वृत्तपत्रांविरुद्धच्या तक्रारी ऐकणारी भारतीय प्रेस परिषद आहे. १९७८ च्या कायद्याने ती ताकीद देऊ शकते, ठपका ठेवू शकते, पण दंड करू शकत नाही, आणि यूट्यूब वाहिन्या तिच्या कक्षेतच नाहीत.

मोकळीक मागणाऱ्यांनीही एक गोष्ट मान्य करावी. ज्याचे मानधन नावापुरते आणि उत्पन्न नेत्याच्या वाढदिवसाच्या पुरवणीतील जाहिरातींच्या कमिशनवर अवलंबून, त्या वार्ताहराचे स्वातंत्र्य सरकारने हात न लावताही आकसलेले असते, आणि चूक छापून आलेल्या गावकऱ्याला तर दाद मागायला जवळ कोणीच नसते.

म्हणून सक्तीच्या नोंदणीच्या ठरावावर सही करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. त्याऐवजी प्रत्येक वाहिनीने मालक आणि संपादकाचे नाव व फोन नंबर उघड करावा, चूक झाल्यास खुलासा त्याच वाहिनीवर आणि बातमी टाकलेल्या प्रत्येक व्हॉट्सॲप गटात द्यावा, आणि तक्रारी ऐकण्यासाठी जिल्हा पातळीवर निवृत्त न्यायाधीश, ज्येष्ठ पत्रकार आणि एखादी ग्रामसभा सदस्य यांची समिती असावी, असा ठराव मांडावा. त्या समितीवर महसूल किंवा पोलीस खात्याचा अधिकारी नको.