गावात विमान आणताय? उघड्यावर, शेडमध्ये की उडतं, एका पत्रेवाल्याचा हिशेब

आमचे दाजी शिरोळ तालुक्यातल्या एका गावचे सरपंच. गावातली पोरं पिढ्यान्‌पिढ्या फौजेत, माजी सैनिकांची संख्या मोठी, त्यामुळं सध्या तिथं एकच विषय चाललाय, वेशीवरच्या कमानीशेजारी एखादं रिटायर झालेलं लढाऊ विमान आणून उभं करायचं. अशी जुनी विमानं संस्थांना प्रदर्शनासाठी मिळतात हे खरंय. माझं उद्यमनगरात पत्र्याचं काम, म्हणून परवा मला बोलावलं, आणि चहा संपायच्या आत दाजी म्हणाले, "पाव्हणं, एकदा झकास कलर मारला की झालं न्हवं?"

तिथंच तर सगळी गोची आहे. मग बसून तीन पर्याय काढले, तेच इथं लिहितोय, कारण असा विचार करणारं आमचं एकच गाव नसणार.

पहिला पर्याय उघड्यावर चौथरा बांधून ठेवायचा, सगळ्यांना हाच आवडतो कारण स्वस्त आणि रस्त्यावरून दिसतंय. पण विमानाचा पत्रा म्हणजे टेम्पोचा पत्रा नव्हे. आत ताकदीचा ड्युरॅल्युमिन, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमचा मिश्रधातू, आणि दोन्ही बाजूंना शुद्ध अ‍ॅल्युमिनियमचा पातळ थर, त्याला अल्क्लॅड म्हणतात. गंज अडवतो तो हा वरचा थर. आणि आपण काय करतो, हौसेनं बफिंग मशीन फिरवून आरशासारखं चमकवतो, म्हणजे तोच थर घासून काढतो! सँडब्लास्टिंग केलं तर विचारूच नका.

दुसरं म्हणजे लोखंडी बोल्ट. हे मी स्वतःच्या चुकीतून शिकलोय. सुरुवातीच्या काळात एका टेम्पोच्या अ‍ॅल्युमिनियम बॉडीला घाईत साधे लोखंडी स्क्रू मारले, दोन पावसाळे गेले आणि गाडी परत आली, तर प्रत्येक स्क्रूभोवती पांढरी भुकटी, अंगठ्यानं दाबलं तर अंगठा आत. दोन वेगळे धातू आणि मध्ये पाणी, की झाली बॅटरी तयार, आणि त्यात अ‍ॅल्युमिनियम खातंय मार. विमानात तर स्टीलचे बोल्ट ढिगानं असतात, फॅक्टरीत ते प्लेटिंग करून, सीलंट लावून पत्र्यापासून वेगळे ठेवलेले असतात. आपला मिस्त्री एक बोल्ट हरवला म्हणून हार्डवेअरच्या दुकानातला घालतो, आणि तिथून खेळ सुरू.

एका शहरातल्या चौकात असंच एक जेट उभं आहे. लांबून नाद खुळा. मी खाली जाऊन पाठीवर झोपून बघितलं. पोटाला पाणी निचरा व्हायला बारीक भोकं असतात, ती पेंटरनं लांबी (पुट्टी) भरून गुळगुळीत करून टाकलेली. एका भोकात झाडूची काडी घातली तर कपभर काळं पाणी माझ्या शर्टावर, बरोबर कबुतराची पिसं. इंजिनला हवा घेणारं तोंड उघडंच, आत घरटी. बाहेरून कलर मात्र एकदम ताजा.

आता तुम्ही म्हणाल गोव्यात नौदलाच्या म्युझियममध्ये विमानं बाहेरच आहेत की, तेही समुद्राच्या खाऱ्या वाऱ्यात. बरोबर. वास्कोजवळ बोगमाळोच्या रस्त्यावर 1998 पासून ते म्युझियम आहे, कोल्हापूरहून भल्या पहाटे निघालं तर एका दिवसात बघून येता येतंय (सोमवार टाळा, बंद असतंय). 1971 ला विक्रांतवरून उडालेल्या सी हॉकच्या जातीचं विमान तिथं आहे, 2016 ला निवृत्त झालेलं सी हॅरियर आहे, आणि तीन शेपट्यांचं सुपर कॉन्स्टेलेशन, जे एअर इंडियातून हवाई दलात आणि तिथून 1976 ला नौदलात आलं. पण त्यांच्याकडं शेजारीच नौदलाचा तळ, विमानावर हात बसलेली माणसं. उघड्यावरच्या विमानाचं काम कधी संपत नाही, एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला पोचेपर्यंत पहिलं टोक परत कामाला येतंय. आपल्याकडं एक पेंटर आणि पंधरा ऑगस्टच्या आधीचे चार दिवस.

दुसरा पर्याय शेड. माझं मत उघड याच बाजूला आहे, आणि शेड मीच बांधणार म्हणून नव्हे (तसं म्हणणारे म्हणोत). दिल्लीला पालमचं हवाई दलाचं म्युझियम 1967 चं. मिरजेहून गोवा एक्स्प्रेस निजामुद्दीनला जाते, तीच उलट्या दिशेला वास्कोला, म्हणजे दोन्ही म्युझियम एकाच गाडीच्या दोन टोकांना. पालमच्या हँगरात वापिती हे जुनं विमान आहे. 1 एप्रिल 1933 ला हवाई दलाची पहिली स्क्वाड्रन उभी राहिली ती चार वापितींवर. सांगाड्यावर कापड ताणून बसवलेलं विमान ते, आपल्या जुलैत उघड्यावर किती दिवस टिकेल सांगा. जवळच हरिकेन आणि स्पिटफायर बघा, दोन्ही दुसऱ्या महायुद्धातली, पण हरिकेनच्या मागच्या अंगाला कापड आणि स्पिटफायरला धातूचा पत्रा. छप्पर होतं म्हणून हा फरक आज डोळ्यानं दिसतोय.

मात्र शेड म्हणजे चारी बाजूंनी कोंदट डबा नको. पहाटे पत्र्याला आतून पाणी सुटतं ते थेंबथेंब विमानावरच पडतंय. बाजू खेळत्या हवेच्या, वर पत्र्याखाली इन्सुलेशन, खाली गवत नको, काँक्रीट. टायर फुटू नयेत म्हणून वजन स्टँडवर. कॅनोपीचं, म्हणजे पायलटच्या डोक्यावरच्या पारदर्शक झाकणाचं, प्लास्टिक उन्हानं पिवळं पडतंय आणि बारीक तडे जातात, म्हणून दक्षिणेकडून आडोसा. आणि दोन गोष्टी आधी लेखी विचारून घ्या. इजेक्शन सीटमधली (पायलटला संकटात बाहेर फेकणारी खुर्ची) स्फोटक काडतुसं काढलीत का, आणि जुन्या विमानाच्या मीटरच्या काट्यांवर रेडियम आहे का. आपण नंबरप्लेटवर चिकटवतो ते रेडियम नव्हे, खरं, किरणं सोडणारं.

मापांचा हिशेब पण करा, कारण शेडचा खर्च तिथंच ठरतोय. नॅट या छोट्या लढाऊ विमानाचे पंख टोकापासून टोकापर्यंत 22 फूट, लांबी 29 च्या आसपास, म्हणजे मोठ्या गोठ्यात मावेल. मिग-21 चे पंख साडेतेवीस फूट पण लांबी 50 च्या घरात. हंटर हे लढाऊ विमान 34 बाय 46. कॅनबेरा बॉम्बर 64 फूट पंखांचं, ते विसरा. मालवाहू डाकोटाचे पंख 95 फूट, त्याला गावाची शाळाच पाडावी लागेल.

कलरबद्दल अजून एक. जुना रंग सरसकट घासून काढू नका, खालच्या थरांत जुने नंबर, स्क्वाड्रनच्या खुणा सापडतात. लंडनच्या आरएएफ (ब्रिटिश हवाई दल) म्युझियममध्ये हॅलिफॅक्स बॉम्बर आहे, 1973 ला नॉर्वेच्या तळ्यातून काढलेलं, ते तसंच मोडकं ठेवलंय, आणि नव्या कलरपेक्षा ते जास्त बोलतंय. 2013 ला इंग्लंडजवळच्या समुद्रातून डॉर्नियर हे जर्मन बॉम्बर काढलं, त्याला तर मीठ निघावं म्हणून सायट्रिक अ‍ॅसिडच्या पाण्याचे फवारे मारत बसले. लिंबातलंच ते. आमच्या दुकानात चहाचं भांडं यानंच साफ होतंय.

तिसरा पर्याय दाजींच्या पोराचा, "मामा, इंजिन चालू करून दाखवूया की!" उडतं विमान बघायची मजा वेगळीच, मान्य. इंग्लंडमध्ये दुरुस्त केलेलं डाकोटा एप्रिल 2018 ला उडत भारतात आलं, राजीव चंद्रशेखर यांनी ते हवाई दलाला भेट दिलं, नाव परशुराम. त्यावरचा व्हीपी 905 हा नंबर 27 ऑक्टोबर 1947 ला श्रीनगरला फौज नेणाऱ्या डाकोटाचा. पण उडवायचं म्हटलं की होज, वायरी, पत्रे बदलत जातात, मूळ किती उरलं हा प्रश्न येतो. आणि धोका खराच आहे. 2 ऑक्टोबर 2019 ला अमेरिकेत महायुद्धातलं बी-17 बॉम्बर पडलं, सात माणसं गेली. 12 नोव्हेंबर 2022 ला डॅलसच्या शोमध्ये दुसरं एक बी-17 आणि किंगकोब्रा हे लढाऊ विमान हवेतच धडकली, सहा जण गेले, आणि दोन्ही विमानं कायमची संपली. गावपातळीवर हा पर्याय नाहीच.

"मग भंगारात गेलेलंच बरं म्हणायचं," दाजी चिडले. त्यांना लिबरेटर बॉम्बरचं सांगितलं. महायुद्ध संपल्यावर कानपूरला ही बॉम्बर विमानं परत उडू नयेत म्हणून मुद्दाम मोडून टाकलेली, एचएएल या आपल्या विमान कंपनीनं त्यातली चाळीसच्या आसपास उभी केली. आपल्या हवाई दलानं ती 1968 पर्यंत वापरली, आणि नंतर परदेशी म्युझियमवाले मागायला आपल्याकडं आले! आरएएफ म्युझियमचं 1974 ला इथूनच गेलंय. भंगाराला भाव नाही असं नाही, भंगाराला हात लागतात.

हात आणि छप्पर दोन्ही नसतील तर माझा चौथा पर्याय ऐका. अख्खं विमान मागूच नका. एखादं इंजिन किंवा नुसता कॉकपिटचा भाग मागा. शाळेच्या एका खोलीत मावतं, पोरं जवळ जाऊन बघतात, आणि देखभाल म्हणजे पुसायचं फडकं. कमानीशेजारी फोटो निघणार नाही एवढंच.

दाजींना हे पटलेलं नाही. नॅट हवंय, तेही पाकिस्तानची सबर विमानं पाडणारं म्हणून. ठीक आहे, मग अर्ज करायच्या आधी शेड, ही अट मी घातली आणि ग्रामसभेत ती कशीबशी पास झाली. 40 बाय 50 चं कोटेशन काल दिलंय, आता पत्रा साधा की कलर कोटेड एवढ्यावर अडलंय.