मराठवाड्याच्या तालुक्याचा इतिहास लिहायचाय? 1952 की 1957?

तालुक्याचा राजकीय इतिहास लिहायला घेतला की पहिला प्रश्न हाच पडतो. सुरुवात 1952 च्या हैदराबाद विधानसभेपासून करायची (मराठवाडा तेव्हा हैदराबाद राज्यात होता), की 1957 च्या द्वैभाषिक, म्हणजे मराठी-गुजराती, मुंबई राज्याच्या निवडणुकीपासून? दोन्ही एकदम पेलत नाहीत. मी दोन्हींची कागदपत्रं चाळली आणि एकीवर थांबलो.

1957 ची ओढ साहजिक आहे. संयुक्त महाराष्ट्राची चळवळ ऐन भरात होती. एस. एम. जोशी, आचार्य अत्रे, कॉम्रेड डांगे मैदानात होते. आठवणी, भाषणं, लेख यांना तोटा नाही. मराठवाड्याचे पाचही जिल्हे 1 नोव्हेंबर 1956 ला मुंबई राज्यात आले, म्हणजे आपल्या लोकांची या राज्यातली ही पहिलीच निवडणूक.

मी अडकलो तो निकालाच्या तक्त्यात. ज्या संयुक्त महाराष्ट्र समितीने ती निवडणूक गाजवली, तिचं नाव निवडणूक आयोगाच्या तक्त्यात नाही. 396 जागांपैकी काँग्रेस 234, प्रजा समाजवादी 36, शेतकरी कामगार पक्ष (शेकाप) 31, कम्युनिस्ट आणि शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन प्रत्येकी 13, आणि अपक्ष तब्बल 64. समिती ही आघाडी होती, त्यामुळे तिची माणसं घटक पक्षांत आणि अपक्षांत विखुरलेली. त्याच 64 मध्ये वेगळं गुजरात राज्य मागणाऱ्या महागुजरात जनता परिषदेचे आणि कुणाचेच नसलेलेही आहेत. आपल्या मतदारसंघात पडलेला अपक्ष समितीचा होता की स्वतःच्या हिमतीवर उभा होता, हे तक्ता सांगत नाही. त्यासाठी जुन्या वर्तमानपत्रांच्या फायली उलटायच्या, आणि त्यातही बातम्या मुंबई-पुण्याच्याच जास्त. एकेका नावासाठी आठवडा जायचा आणि शेवटी प्रश्नचिन्हच उरायचं. माझा कल तिथेच फिरला. गावात विचारावं, तर म्हातारी माणसंही साताऱ्याच्या आणि शिवाजी पार्कच्या सभा सांगायची. स्वतःच्या गावाचं फार कमी.

1952 मध्ये हा गुंता नाही. कम्युनिस्ट पक्षावर हैदराबाद राज्यात बंदी होती, म्हणून त्यांची माणसं पीपल्स डेमोक्रॅटिक फ्रंटच्या नावाने लढली, आणि तक्त्यात फ्रंट फ्रंट म्हणूनच दिसते. 175 पैकी काँग्रेस 93, फ्रंट 42. त्याच वेळी लोकसभेला बीडमध्ये फ्रंटचे रामचंद्र परांजपे आणि परभणीत शेकापचे नारायणराव वाघमारे निवडून आले. मराठवाड्याने तेव्हा काय विचार केला असेल, याचा शोध घ्यायला एवढं पुरे.

आणि काळ बघा. हैदराबाद भारतात आणणाऱ्या 1948 च्या लष्करी कारवाईला, म्हणजे पोलीस ॲक्शनला, चार वर्षंही झालेली नव्हती, 1950 चा कूळकायदा नवा होता, निजाम राजप्रमुख, म्हणजे राज्याचा घटनात्मक प्रमुख, म्हणून बसलेला होता. अशा मुलखात कुळाने आणि देशमुखाने पहिल्यांदा एकाच रांगेत उभं राहायचं होतं. मतपत्रिकेवर खूण करायची नव्हती. आडोशाला प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी, पेटीवर चिन्ह, आपली चिठ्ठी हव्या त्या पेटीत टाकायची. 1957 मध्येही हीच पद्धत होती, पण आठवण निघते ती पहिल्या वेळची. माझ्या आजोळच्या एक आजी हात पुढे करून पेट्यांची रांग दाखवायच्या आणि आपली पेटी कितवी होती तेही सांगायच्या.

1952 ची खोटही सांगायला हवी. द्विसदस्य मतदारसंघात, म्हणजे जिथून दोन प्रतिनिधी निवडायचे तिथे, मतदाराला दोन मतं असत, त्यामुळे मतांची बेरीज मतदारांपेक्षा जास्त भरते आणि टक्केवारी फसते. तेलंगणातल्या नलगोंड्यात फ्रंटच्या रावी नारायण रेड्डींनी नेहरूंपेक्षा जास्त मतं घेतली, तीही अशाच जागेवर. पण 1957 मध्येही हे मतदारसंघ होतेच, ते 1961 च्या कायद्याने गेले. तेव्हा ही अडचण दोन्हीकडे सारखीच. आणखी एक, 1952 ला मत दिलेला माणूस आज नव्वदी पार केलेला असणार, कारण वयाची अट 21 होती.

तुमचा तालुका सातारा-कोल्हापूरकडचा असेल तर माझं ऐकू नका, 1957 च घ्या. मराठवाड्यातला असेल तर मी 1952 म्हणेन, आणि कागद नंतर बघा, आधी त्या नव्वदीच्या माणसांकडे जा.