इंडी संगीताचा प्रोजेक्ट-अंक: गुळगुळीत ए-फोर, पिना मारलेला ए-फाइव्ह की नुसता पीडीएफ?

फेब्रुवारी लागला की माझ्याकडे पेनड्राइव्ह घेऊन मुलं यायला लागतात. मी सोलापुरात पानं लावतो. आधी एका दैनिकात लावायचो, आता स्मरणिका, गौरवग्रंथ, अधूनमधून एखादा कवितासंग्रह. अलीकडे पत्रकारितेच्या आणि डिझाइनच्या मुलांमध्ये इंडी संगीताचं मासिक हा प्रोजेक्ट बराच चालतो. विषय झकास आहे. कंपनीच्या पाठबळाशिवाय स्वतःच गाणी करून स्वतःच बाहेर काढणारी पोरं, आणि त्यांच्यावर तितक्याच उद्योगी पोरांनी काढलेला अंक. फक्त माझ्याकडे येईपर्यंत तो डोक्यात छापून झालेला असतो. ए-फोर, पानोपान रंगीत, कव्हरला ग्लॉसी लॅमिनेशन, त्यावर अंधारात गिटार धरून उभा असलेला कुणीतरी. "दादा, एकदम स्टॉलवर मिळतं तसं पाहिजे बघा." मग दर कळतो. चाळीस पानांची चोवीस होतात, शंभर प्रतींच्या पाच होतात, आणि मासिकाचं प्रोजेक्टच्या फाइलला जोडायचं परिशिष्ट होऊन जातं.

म्हणून तीन पर्याय शेजारी शेजारी ठेवून बघू. पहिला, हाच ए-फोर रंगीत अंक, डिजिटल प्रिंटवर काढलेला. दुसरा ए-फाइव्ह, म्हणजे ए-फोर कागद मधोमध दुमडून मध्ये दोन पिना मारलेला, काळ्या शाईतला. तिसरा, छापायचंच नाही, पीडीएफ करून फोनवर पाठवायचा. माझा कौल दुसऱ्याला आहे हे आधीच सांगतो, म्हणजे पुढचं वाचताना तुम्ही सावध राहाल.

आधी एक काम करा. अंक कुणाकुणाच्या हातात द्यायचा त्यांची नावं कागदावर लिहा. गाईड, परीक्षक, कॉलेजचं ग्रंथालय, ज्यांच्या मुलाखती घेतल्या ते, त्यांच्या बँडमधले बाकीचे, ज्यांच्या गच्चीवरच्या खोलीत सराव चालतो ते काका, वाद्यांच्या दुकानातला माणूस. यादी दहा-पंधरावर थांबली तर ए-फोर रंगीत परवडेल. साठ-सत्तरच्या पुढे गेली तर ए-फाइव्हशिवाय मार्ग नाही. निम्मी नावं पुणे-बेंगळुरूची निघाली तर पीडीएफला गंभीरपणे घ्या.

आता ए-फोरचा हिशेब. बत्तीस पानी अंकाला ए-थ्रीचे आठ कागद लागतात, दोन्ही बाजूंनी छापलेले. शंभर प्रती म्हणजे ८०० कागद आणि १,६०० रंगीत छपाया. डिजिटल प्रिंटला प्लेट, म्हणजे छपाईचा धातूचा साचा, लागत नाही हा त्याचा फायदा, पण त्यामुळेच शंभरावी प्रतही जवळपास पहिलीइतकीच महाग पडते. ऑफसेटवर, म्हणजे प्लेटा लावून छापणाऱ्या मोठ्या यंत्रावर, प्रती वाढतील तसा दर उतरतो, पण तिथे चार रंगांच्या चार प्लेटा, त्याही प्रत्येक बाजूच्या वेगळ्या, आणि तो सगळा खर्च सुरुवातीच्या प्रतींवर बसतो. शंभर प्रतींसाठी ऑफसेटच्या दारात जाऊ नये.

पैशापेक्षा मोठी अडचण फोटोंची. स्टॉलवरच्या मासिकाला कंपनी फोटो पुरवते. इंडी कलाकाराकडे असतात ते मित्राने फोनवर काढलेले, आणि तुमच्यापर्यंत येतात व्हॉट्सअ‍ॅपवरून. नेहमीच्या पद्धतीने पाठवलेला फोटो तिथे दाबला जातो आणि लांब बाजूला साधारण १,६०० पिक्सेल उरतात. छपाईला इंचाला ३०० पिक्सेल धरतात. म्हणजे तो फोटो लांब बाजूने साडेतेरा सेंटीमीटरपर्यंतच स्वच्छ छापेल. ए-फोरची रुंदी २१ सेंटीमीटर. पूर्ण पान भरायला गेलात की गायकाच्या चेहऱ्याचा शिरा होतो. ए-फाइव्हची रुंदी १४.८, तिथे तोच आडवा फोटो पानाच्या वरच्या अर्ध्यात आरामात बसतो. शिवाय सभागृहातल्या कमी उजेडात काढलेल्या फोटोत जे रंगीत दाणे येतात, ते रंगीत छपाईत घाण दिसतात आणि काळ्या-पांढऱ्यात मात्र शोभून जातात. (फोटो 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवायला सांगा. दरवर्षी सांगतो, दरवर्षी कुणी ऐकत नाही.)

ए-फोर कुणी घ्यावा? तुमच्या गटात खरोखर चांगला फोटोग्राफर किंवा चित्रं काढणारी मुलगी असेल, आणि हा अंक पुढे नोकरी मागताना दाखवायचा असेल, तर बिनधास्त. दहाच प्रती काढा, पण आतला कागद १३० जीएसएमचा (जीएसएम म्हणजे कागदाच्या एका चौरस मीटरचं वजन ग्रॅममध्ये) आर्ट पेपर, म्हणजे गुळगुळीत थर दिलेला कागद, घ्या आणि फाइल सीएमवायकेमध्ये, म्हणजे छपाईच्या चार शायांच्या रंगांत, द्या. स्क्रीनवरचा झगझगीत निळा कागदावर जांभळट-मळकट येतो, तो धक्का आधीच बसलेला बरा.

ए-फाइव्हला मुलं 'झेरॉक्सचं पुस्तक' म्हणून नाक मुरडतात. पण संगीताच्या नियतकालिकांचा इतिहास बघितला तर ही वाट जुनी आणि मानाची आहे. १९७६ साली लंडनमध्ये पंक संगीत सुरू झालं तेव्हा मार्क पेरी नावाच्या तरुणाने 'स्निफिन ग्लू' काढलं ते टाइप केलेल्या मजकुरावर स्केचपेनने मथळे लिहून आणि झेरॉक्स मारूनच. आणि मोठ्या शहरातूनच असले अंक निघतात असं कुणी म्हणालं तर त्याला सांगा, भारतातलं रॉक संगीताचं 'रॉक स्ट्रीट जर्नल' १९९३ साली निघालं ते अलाहाबादहून.

चोवीस पानांचा ए-फाइव्ह अंक म्हणजे ए-फोरचे फक्त सहा कागद. त्यातला एक कव्हरचा, पाच आतले. शंभर प्रतींना आतले कागद ५००, म्हणजे बरोबर एक रीम. वाया जाणारे धरून पंचवीस-तीस जास्त घ्या. आता तीस प्रतींपर्यंत सरळ झेरॉक्स. त्यापुढे कॉपी प्रिंटर बघा, तेच यंत्र ज्यावर क्लासवाल्यांच्या नोट्स आणि हँडबिलं निघतात. त्यात कागदाच्या प्रत्येक बाजूचा एक मास्टर, म्हणजे छापायचा साचा, कापला जातो, त्याचा खर्च एकदाच. आतल्या पाच कागदांच्या दहा बाजू, दहा मास्टर. पुढे शंभर काढा की तीनशे, वाढतो तो कागद आणि थोडी शाई. लाल किंवा निळ्या शाईचा ड्रम त्यांच्याकडे आहे का विचारून ठेवा. असेल तर कव्हरवर दुसरा रंग मारता येतो. कागद यंत्रातून दोनदा जातो, म्हणून दोन रंग अर्धा-एक मिलिमीटर इकडेतिकडे सरकतात. नेमके जुळावेत असं काही आखूच नका. मोठं अक्षर लाल, त्यावर काळा फोटो, एवढं साधं ठेवा.

इथे कागद मॅपलिथोच, म्हणजे गुळगुळीत थर नसलेला साधाच हवा, ७० किंवा ८० जीएसएम. ही शाई कागदात मुरून वाळते. आर्ट पेपरच्या गुळगुळीत थरावर ती मुरत नाही, नुसती पसरते.

आणि डमी, म्हणजे अंकाचा कोरा नमुना, करा. लॅपटॉप उघडण्याआधी सहा कोरे ए-फोर घ्या, एकात एक घालून दुमडा, पेन्सिलीने १ ते २४ आकडे टाका आणि मग सुटे करा. १ च्या शेजारी २४ दिसेल, २ च्या शेजारी २३, ३ च्या शेजारी २२. कुठलीही जोडी घ्या, बेरीज २५. सगळ्यात आतल्या कागदावर १२ आणि १३ ही जोडी येते, आणि अंकात वाचताना समोरासमोर येणारी व एकाच कागदावर असलेली पानं आत एवढी दोनच. म्हणजे दोन पानांवर पसरलेला मोठा फोटो फक्त इथेच धड दिसेल. दुसरीकडे टाकलात तर ढोलकीवाल्याचा एक हात अर्ध्या सेंटीमीटरने वर जातो. मुख्य मुलाखत ११ वर सुरू करा, १२-१३ वर फोटो, १४ वर शेवट. पानसंख्या चारच्या पटीतच लागते. "दादा, सव्वीस पानं झालीत" असं म्हणत आलात तर दोन कापा नाहीतर दोन भरा.

पीडीएफबद्दल थोडक्यात. फुकट आहे आणि दूरवर जातो. इंग्लंडचं 'एनएमई' हे संगीताचं साप्ताहिक १९५२ पासून दर आठवड्याला छापून निघायचं, त्या साप्ताहिकाची छपाई २०१८ साली थांबली आणि सगळा कारभार स्क्रीनवर गेला, तेव्हा हा पर्याय काही कमअस्सल नाही. गाण्याबद्दल वाचता वाचता गाणं ऐकता येणं ही सोय कागदाला कधीच जमणार नाही. पण मुलं करतात काय, तर ए-फोरचाच अंक पीडीएफ करून ग्रुपवर टाकतात. फोनवर तो बोटांनी मोठा करत, डावीकडून उजवीकडे सरकवत वाचायचा. तिसऱ्या पानाला माणूस बाहेर. फोनसाठी करायचा तर पान उभं, १०८० बाय १९२० पिक्सेलचं धरा, एक कॉलम, मोठा टाइप, आणि मजकूर निम्म्याने कमी. तो वेगळाच अंक होतो. दोन्ही रूपं एकाच फाइलमधून निघतील या भ्रमात राहू नका.

छापील अंकात गाणी हवी असतील तर प्रत्येक परीक्षणाखाली क्यूआर कोड टाका. दोन सेंटीमीटरपेक्षा लहान नको, काळ्यावर पांढरा उलटा नको, आणि दुवा कलाकाराच्या स्वतःच्या पानाचा द्या.

आता अक्षरांचं. तिन्ही पर्यायांत सगळ्यात जास्त रडारड इथेच होते. आपल्याकडच्या बऱ्याच डीटीपीवाल्यांकडे (संगणकावर पानं लावणाऱ्यांकडे) अजून श्रीलिपीसारख्या जुन्या पद्धतीचे फाँट चालतात. तुमचा मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे फोनवर मराठी टाइप करता त्या पद्धतीत. एकातून दुसऱ्यात टाकताना रूपांतर करावं लागतं, आणि त्यात रफार उडतात, 'ऱ्या'चा 'र्या' होतो. एका स्मरणिकेत माझ्याच हातून 'कार्यकर्ते' पानभर 'कायकते' होऊन गेले होते, आणि अध्यक्षांनी ते व्यासपीठावरूनच वाचून दाखवलं. तेव्हापासून माझा आग्रह, युनिकोडमध्ये लिहा, युनिकोडमध्येच लावा आणि छापखान्याला फाँट एम्बेड केलेली, म्हणजे फाँट आतच भरलेली, पीडीएफच द्या, मूळ फाइल नको.

पानं लावायला इनडिझाइन हे सॉफ्टवेअर मिळत असेल तर उत्तम, फक्त परिच्छेदाला त्यातला वर्ल्ड-रेडी कंपोझर हा पर्याय लावा, नाहीतर जोडाक्षरं फुटतात. पैसे नसतील तर स्क्रायबस फुकट आहे, १.६ किंवा त्यापुढची आवृत्ती घ्या, त्यात देवनागरी नीट जुळते. कॅनव्हावर कव्हर छान होतं, पण चोवीस पानांची मुलाखत लावणं म्हणजे चमच्याने विहीर उपसणं.

फाँट फुकट आणि चांगले आहेत. मजकुराला मुक्त, मथळ्यांना बालू, दोन्ही मुंबईच्या 'एक टाइप' या फाँट करणाऱ्या संस्थेचे. पुस्तकी वळण हवं असेल तर तिरो देवनागरी मराठी घ्या. त्याची हिंदी आणि संस्कृत रूपंही वेगळी मिळतात, नाव नीट वाचून उतरवा. मराठी 'ल' आणि 'श' यांची वळणं हिंदीपेक्षा निराळी असतात. चुकीचा फाँट लागला की वाचणाऱ्याला कारण कळत नाही, पण अंक परका वाटतो. टाइप १० ते ११ पॉइंट, ओळींतलं अंतर १५-१६. वर वेलांट्या-मात्रा, खाली उकार, इंग्रजीच्या मापाने ओळी ठेवल्यात तर एकमेकींच्या अंगावर येतात. ए-फाइव्हवर दोन कॉलम करायचा मोह टाळा. समास सोडून उरतात साधारण ११८ मिलिमीटर, त्याचे दोन भाग केले की एकेक कॉलम छप्पनचा. त्यात 'महाविद्यालयांमधल्यांसाठी' आला की ओळीत तो एकटाच.

मजकूर काय घ्यावा हे तुमचं तुम्ही ठरवा, पण आकाराचा त्यावर परिणाम होतो. ए-फोर फोटो मागतो, ए-फाइव्ह बोलणं मागतो. आणि सोलापूरकडे बोलण्यासारखं पुष्कळ आहे. एकाच गल्लीत मराठी, तेलुगू, कन्नड आणि दख्खनी ऐकू येणाऱ्या गावातला पोरगा रॅप लिहितो तेव्हा कुठल्या भाषेत यमक जुळवतो, हे त्याला विचारा. शाहीर राम जोशी याच सोलापूरचे, अमर शेख बार्शीचे. त्यांच्यावर निबंध नको, पण डफ-हलगीचा ठेका आज कुणाच्या लॅपटॉपवर वाजतोय का, हे शोधण्यासारखं आहे. पुण्या-मुंबईच्या बँडची माहिती इंटरनेटवरून उचलून भरलेली पानं परीक्षक न वाचता उलटतात. गाण्याच्या दोन ओळी परीक्षणात उद्धृत करणं वेगळं, अख्खं गाणं छापायचं तर लिहिणाऱ्याची परवानगी घ्या. फोटो ज्याने काढला त्याचीही, फोटोतल्याची घेतली तेवढ्याने भागत नाही. पुढे हा अंक नियमित काढून विकायचा विचार असेल तर नियतकालिक म्हणून नोंदणी करावी लागते, त्याचा २०२३ चा नवा कायदा मार्च २०२४ पासून लागू आहे. प्रोजेक्टपुरता एकच अंक काढताना त्यात डोकं घालू नका.

वेळेचं तेवढं बघा. फेब्रुवारीपासून सगळे छापखाने लग्नपत्रिकांत बुडालेले असतात, आणि तुमच्या शंभर प्रतींसाठी कुणी वऱ्हाडाला थांबवणार नाही. सबमिशनच्या दहा दिवस आधी फाइल द्या. एक प्रत काढून घ्या, यंत्राशेजारी उभं राहून पानांचा क्रम तपासा, मगच बाकीच्या काढायला सांगा.

कॉपी प्रिंटरच्या ताज्या प्रती लगेच वाटू नका. गच्च काळं छापलेलं असेल तर रात्रभर पंख्याखाली पसरून ठेवा. मागच्या वर्षी एका मुलीने सकाळी छापलेला अंक दुपारी परीक्षकांच्या हातात दिला. त्यांनी तो शेवटच्या पानापर्यंत वाचला, तिला मार्कही चांगले दिले, आणि गुणपत्रिकेवर सहीशेजारी त्यांचा काळा अंगठाही उमटला.