टेकडी की बाग? पुणेकरांनी आधी काय मागावं

पुणे महापालिकेच्या अंदाजपत्रकासाठी प्रभागातली कामं नागरिकही सुचवू शकतात. दरवेळी ‘आमच्याकडे बाग हवी’ ही मागणी असतेच. टेकडीसाठी मात्र लोक मोर्चा निघायची वेळ आल्यावर जागे होतात.

बागेची बाजू सरळ आहे. घराजवळ, सपाट, दिवे आणि वॉचमन असलेली जागा. गुडघे दुखणाऱ्या आजींना किंवा सायकल शिकणाऱ्या पोराला शहरातल्या वेताळ टेकडीचा काय उपयोग? पण बऱ्याच बागा दुपारी कुलूपबंद असतात, हिरवळीला रोज पाणी लागतं आणि ओपन जिमच्या नादात निम्मी जमीन पेव्हिंग ब्लॉकखाली जाते.

वेताळ टेकडीला तिकीट लागत नाही. पावसाचं पाणी तिथल्या बेसाल्टच्या भेगांतून झिरपून भूजलात जातं, जुन्या खाणीत साठतं. पहाटे मोर ओरडतात. वनखात्याने लावलेली गिरिपुष्पाची (ग्लिरिसिडिया या परदेशी झाडाची) एकसुरी झाडी मला खटकते, पण ती हळूहळू बदलता येईल. टेकडीवरून आखलेला बालभारती ते पौड फाटा रस्ता झाला, तर कापलेला उतार परत जोडता येणार नाही. त्याविरुद्ध २०२३ मध्ये लोक रस्त्यावर उतरले, ते उगीच नाही.

म्हणून माझं मत टेकडीला. बाग पाच वर्षं उशिरा झाली तरी चालेल. अपवाद दाट पेठांचा आणि वस्त्यांचा: तिथे चार बाकं आणि एक वड एवढी जागाही आधी मिळायला हवी.