जुनी मोठी सेडान, अकरा महिने आणि एक ओलं कार्पेट

"दाजी, तुमच्यासारखीच एक गाडी मिळतेय. सात वर्षं जुनी, सनरूफवाली, एकदम चकाचक. घेऊ का?"

मेहुण्याचा हा फोन आला तेव्हा मी माझ्या गाडीची डावीकडची पुढची सीट बाहेर काढून, उकिडवा बसून, कार्पेटखालचा फोम बादलीत पिळत होतो. साहजिकच उत्तर जरा तिखट गेलं. तो बिचारा गप्प झाला आणि फोन बायकोकडे गेला. नंतर घरात जे बोलणं व्हायचं ते झालं. आता डोकं थंड आहे, गाडी कोरडी आहे, तेव्हा त्याला जे नीट सांगायचं राहिलं ते इथे लिहितोय.

गाडीचं नाव लिहीत नाही. नाव घेतलं की सगळे नावावरच भांडत बसतात, आणि माझं भांडण नावाशी नाहीच. साधारण ४.९ मीटर लांब, ऑटोमॅटिक गिअरबॉक्स, १८ इंची चाकं, सनरूफ, एवढं सांगितलं की गाडी डोळ्यांपुढे येते. मी घेतली तेव्हा तीही सात वर्षांचीच होती. नवी होती तेव्हाच्या किमतीच्या तिसऱ्या हिश्श्यापेक्षाही कमी पैसे मोजले. गिऱ्हाइकं सगळी उंच गाड्यांकडे वळली आणि या सेडान पडून राहायला लागल्या. कुणाचं तरी नुकसान म्हणजे आपला फायदा, असा साधा हिशेब होता. मी मुळात चिकट माणूस. टूथपेस्टची ट्यूब कात्रीने कापून आतलं काढणारा. त्यामुळे ही खरेदी म्हणजे माझ्या आयुष्यातला सगळ्यात हुशार व्यवहार, असं पहिले चार महिने मी ऐकेल त्याला ऐकवत होतो.

आणि ते चार महिने खरोखर सुखाचे गेले. मागच्या सीटवर आई पाय लांब करून बसायची आणि अर्ध्या तासात झोपायची. आधीच्या गाडीत तिला दर तासाला उतरावं लागायचं. दरवाजा लावला की बाहेरचा आवाज कुणीतरी बटण दाबून बंद केल्यासारखा जायचा. लांबच्या प्रवासानंतर पाठ धरायची ती धरेनाशी झाली. नाही म्हणायला एक तक्रार होती. डिकीच्या झाकणाचे बिजागर हंसाच्या मानेसारखे वाकडे आहेत आणि झाकण लावताना ते डिकीच्या आत उतरतात. आकडा पाचशे लिटरच्या आसपासचा, पण कडेला उभी ठेवलेली बॅग झाकणाबरोबर चेपलीच म्हणून समजा. यावर मी एक लांबलचक परिच्छेद लिहिणार होतो. पुढे जे घडलं त्यानंतर बिजागरांवर चिडायला अंगात त्राण उरलं नाही.

पाचव्या महिन्यात पाऊस सुरू झाला आणि गाडीत वास यायला लागला. ओली गोणी कोपऱ्यात राहून गेल्यासारखा. मी एसीचा फिल्टर बदलला, सुगंधी डबी लावली. मुलगी म्हणाली, "बाबा, आता गुलाबाच्या गोणीचा वास येतोय." त्याच सुमाराला डॅशबोर्डवर एअरबॅगचा दिवा मधूनच लागायचा, मधूनच विझायचा. विझतोय म्हणजे ठीक आहे, असं मी ठरवून टाकलं. हे असं ठरवणं मला फार सोपं जातं, कारण त्यात पैसे लागत नाहीत.

मग एके सकाळी गाडी चालूच होईना. किल्लीला प्रतिसाद नाही, दिवे मिणमिणते. कंपनीच्या वर्कशॉपने बॅटरी गेल्याचं निदान केलं आणि नवी बसवली. बरोबर पाच दिवसांनी, मधले चार दिवस गाडी जागेवर उभी असताना, नवी बॅटरीही झोपली. पुन्हा वर्कशॉप. या वेळी काउंटरवरच्या साहेबांनी सांगितलं की वायरिंग हार्नेसमध्ये, म्हणजे गाडीभर पसरलेल्या वायरींच्या जुडग्यात, दोष दिसतोय, अख्खा हार्नेस बदलावा लागेल. एस्टिमेटचा कागद माझ्यापुढे सरकवला. आकडा गाडीच्या खरेदीच्या जवळजवळ चौथ्या हिश्श्याएवढा! मी विचारलं, दोष नेमका कुठे आहे? उत्तर आलं, "सर, तो शोधण्यात वेळ जातो, म्हणून बदलणंच बरं." म्हणजे त्यांचा वेळ वाचावा म्हणून माझे पैसे. आवाज चढले. जुनी बॅटरी तरी परत द्या म्हटलं, तर ती 'सिस्टिममध्ये जमा' झाली होती. मी गाडी तशीच उचलून आणली.

पुढचं काम एका म्हाताऱ्या ऑटो इलेक्ट्रिशियनने केलं. त्याच्याकडे एक मल्टिमीटर आणि भरपूर सबुरी होती. त्याने बॅटरीच्या निगेटिव्ह तारेत मीटर जोडला. दरवाजा उघडाच ठेवून त्याचं कुलूप स्क्रूड्रायव्हरने फिरवलं, म्हणजे गाडीला वाटावं की दार लागलंय. मग म्हणाला, "आता बसा अर्धा तास. गाडी झोपल्याशिवाय चोर दिसत नाही." अर्ध्या तासाने मीटरवर ०.६ अँपिअर. सगळं बंद असताना हा आकडा साधारण ५० मिलिअँपिअरच्या (०.०५ अँपिअरच्या) आत हवा, म्हणजे इथे बारा पट होता. दिवसाला चौदा अँपिअर-तास नुसते उभ्या उभ्या गळत होते. माझी बॅटरी सत्तर अँपिअर-तासांची, चार दिवसांत तिचा खुळखुळा होणारच. बॅटरी बदलणं म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी.

त्याने एकेक फ्यूज काढायला सुरुवात केली. तेराव्या की चौदाव्या फ्यूजला आकडा धाडकन ०.०३ वर आला. फ्यूज डावीकडच्या पुढच्या सीटचा. त्याने बॅटरीची तार काढली, एअरबॅगच्या वायरींना हात लावायचा तर दहा मिनिटं थांबायचं म्हणून पुन्हा बसवलं, आणि मग सीट उचकटली. सीटखालच्या मॉड्यूलचा, म्हणजे सीटच्या इलेक्ट्रॉनिक डबीचा, कनेक्टर गंजून हिरवागार. शेजारचा एअरबॅगचा पिवळा कनेक्टरही तसाच. कार्पेट वरून हाताला कोरडं लागत होतं, पण त्याने कोपरा उचलून फोमवर अंगठा दाबला तर अंगठ्याभोवती पाणी वर आलं. "साहेब," म्हातारा म्हणाला, "वायरिंग चांगलं आहे. गाडीत विहीर आहे."

आता सनरूफबद्दल. इथे मी थोडा वाहवत जाणार आहे, ज्यांना घाई आहे त्यांनी पुढे जावं. सनरूफच्या काचेभोवतीचं रबर सगळं पाणी अडवतं, असा माझा आयुष्यभराचा समज होता. ते अडवत नाही, आणि त्याने अडवावं अशी अपेक्षाही नसते. थोडं पाणी आत येणार हे धरूनच त्याखाली एक पन्हळ असते. पन्हळीच्या चार कोपऱ्यांना बोटाहून बारीक नळ्या. पुढच्या दोन नळ्या काचेच्या बाजूच्या खांबातून उतरून दरवाज्याच्या बिजागरांजवळ किंवा पुढच्या चाकामागे सुटतात, मागच्या दोन मागच्या बंपरकडे. म्हणजे छताला भोक पाडून वर घराच्या गच्चीसारखी पाणी वाहून नेण्याची सोय केलेली. आणि गच्चीचं जे होतं तेच इथे होतं. पाचोळा आणि धूळ साचून नळी तुंबते, पन्हळ भरते आणि पाणी छताच्या अस्तरामागून खांबातल्या खांबात खाली येतं. छतावर डाग नाही, काचेवर ओघळ नाही. थेट कार्पेटखाली. आधीच्या मालकाने गाडी झाडाखाली उभी केली असणार, आणि सात वर्षांत एकदाही ती नळी साफ केलेली नसणार. सर्व्हिसच्या पावत्या मात्र एकूण एक होत्या. त्या फाइलवर भाळूनच तर मी गाडी घेतली होती.

नळी साफ करायला गवत कापायच्या यंत्रातली नायलॉनची दोरी पुरली. टोक जाळून बोथट केलं आणि हळूहळू सारत नेलं. जाड तार घालू नका, नळी फाटते. कॉम्प्रेसरची हवाही जोरात मारू नका, आत कुठेतरी जोड निसटला तर छत उतरवावं लागतं. दोरी हातभर गेली आणि अडली. दोनदा मागेपुढे केली, आणि चाकामागून काळ्या चिखलाची एक गुळगुळीत वात बाहेर पडली, पाठोपाठ पाणी. तो क्षण मी मोबाइलवर रेकॉर्ड केलाय. घरात कुणालाही तो पुन्हा बघायचा नाहीये. फोममधून निघालेलं पाणी अर्धी बादली भरलं. फोम वाळायला पंख्याखाली चार दिवस लागले. कनेक्टर बदलून, नवे टोक जोडून, म्हाताऱ्याने घेतलेली मजुरी त्या एस्टिमेटवरच्या कराच्या रकमेहूनही कमी होती.

इथपर्यंत लिहिलं तेव्हा शेवटचं वाक्य 'जुनी मोठी सेडान घेऊ नका' असं ठरवलं होतं. मग चिकटपणाने घात केला. वही काढून अकरा महिन्यांचा आणि १४,००० किलोमीटरचा सगळा खर्च मांडला. त्यात फुकट गेलेली बॅटरी होती, चारही टायर होते, गिअरबॉक्सचं तेल होतं, पुढच्या सस्पेन्शनचे बुश होते. सगळं धरूनही याच मापाची नवी गाडी पहिल्या वर्षात जेवढी किंमत गमावते त्याच्या निम्मंही झालं नाही. वही बायकोला दाखवली. ती म्हणाली, "मग त्या दिवशी माझ्या भावावर कशाला ओरडलात?"

टायरची चूक मात्र शंभर टक्के माझी. नक्षी खोल दिसली म्हणून खूश झालो. टायरच्या बाजूच्या भिंतीवर 'DOT' या अक्षरांनी सुरू होणाऱ्या ओळीत शेवटी चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. '३११७' म्हणजे २०१७ चा एकतिसावा आठवडा. हे मला माहीत होतं, आणि तरी बघितलं नाही. गाडीइतकेच म्हातारे टायर होते, रबराला बारीक चिरा पडल्या होत्या. १८ इंची टायरचा भाव ऐकल्यावर कळतं की गाडी जुनी झाली म्हणून तिचे सुटे भाग स्वस्त होत नाहीत. ब्रेकपॅडला ही गाडी तुम्ही केवढ्याला घेतली याचं सोयरसुतक नसतं. नाकापेक्षा मोती जड म्हणतात ते हेच.

गिअरबॉक्सच्या तेलाचंही तसंच. विकणारा म्हणाला, "यात तेल आयुष्यभरासाठी असतं." कुणाच्या आयुष्यभरासाठी? जेडएफसारखी गिअरबॉक्स बनवणारी कंपनी स्वतः ८०,००० ते १,२०,००० किलोमीटरच्या दरम्यान तेल बदलायला सांगते. माझी गाडी ९६,००० ला होती. जुनं तेल काळं निघालं, आणि बदलल्यावर दुसऱ्यावरून तिसऱ्या गिअरला जाताना बसणारा हलका हिसका गेला. हा हिसका म्हणजे गाडीचा स्वभाव, असं मी धरून चाललो होतो.

एवढं सगळं मेहुण्याला सांगितल्यावर तो म्हणाला, "दाजी, मग तुम्हीच चला बघायला." गेलो. मालकाला आधीच कळवलं होतं की आम्ही येईपर्यंत गाडी चालू करू नका. पोहोचल्यावर बॉनेटवर हात ठेवला, थंड होतं. चालू केल्यावर पहिल्या दोन-तीन सेकंदांत इंजिनातल्या टायमिंग चेनचा खडखडाट ऐकू येतो का ते पाहिलं. नव्हता. टायर दोन वर्षांचे. चॅसीचा सतरा अक्षरी नंबर कागदाशी जुळला, रिकॉलचं, म्हणजे दोष सापडला म्हणून कंपनीने गाड्या परत बोलावून करायचं, कुठलंही काम बाकी नव्हतं. मेहुण्याचे डोळे चमकायला लागले.

मग मी पिशवीतून लिटरभर पाण्याची बाटली काढली आणि सनरूफ उघडायला सांगितलं. मालक म्हणाला, "अहो, काय करताय?" मी पन्हळीच्या पुढच्या उजव्या कोपऱ्यात अगदी हळू, संततधारेसारखी धार धरली. मेहुणा चाकापाशी वाकून बसला. "पडतंय, पडतंय." मागचा उजवा, पडतंय. मागचा डावा, पडतंय. पुढच्या डाव्या कोपऱ्यात धार धरली. मेहुणा काही बोलेना. पन्हळीतलं पाणी वर चढायला लागलं तशी मी बाटली सरळ केली.

"दाजी," तो खालूनच म्हणाला, "इथे कोरडं आहे."

मालक म्हणाला, पाऊस नाही ना सध्या, म्हणून असेल. मेहुण्याने मान वर करून माझ्याकडे पाहिलं. मी खिशात हात घालून नायलॉनची दोरी चाचपली, पण बाहेर काढली नाही. आधी डावीकडचं पायपुसणं बाजूला करून कार्पेटचा कोपरा उचलला, आणि मग किमतीबद्दल बोलायला बसलो.